एफ-मायसो परीक्षण: गाठीतला ऑक्सिजनचा दुष्काळ दाखवणारा ट्रेसर

रोज एफडीजी (पीईटी स्कॅनसाठीची किरणोत्सारी साखर) काढणाऱ्या सायक्लोट्रॉन केंद्राला आता हायपॉक्सियाचं, म्हणजे गाठीतल्या ऑक्सिजनच्या तुटवड्याचं, इमेजिंग सुरू करायचं असेल, तर पहिला ट्रेसर (शरीरात टोचून स्कॅनमध्ये पाहायचा किरणोत्सारी रेणू) कोणता घ्यावा? आमचं उत्तर सरळ आहे: एफ-मायसो. पूर्ण नाव फ्लोरिन-१८ फ्लुओरोमिसोनिडॅझोल. हायपॉक्सिया दाखवणाऱ्यांतला हा सर्वांत मुरलेला ट्रेसर, आणि बनवायलाही सर्वांत कमी खोडकर. त्याच्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात: चित्र फिकं येतं आणि फार वेळ थांबावं लागतं. दोन्ही खरे आहेत. पण वाईट निकालाचं मूळ शोधत गेलं तर बहुतेक वेळा असं दिसतं, की जिथे थांबायला हवं होतं तिथे कुणीतरी थांबलेलं नाही. फ्लोराइड पुरतं वाळण्याआधीच प्रिकर्सर (ज्यापासून ट्रेसर बनतो तो रेणू) घातलेला असतो, हायड्रोलिसिस (शेवटी आम्लाने रेणूवरचं झाकण काढणं) अर्धवट राहिलेलं असतं, किंवा रुग्णाला दोन तासांऐवजी तासाभरातच मशीनवर घेतलेलं असतं.

इथे परीक्षण दोन गोष्टींचं आहे. एक म्हणजे एनआयटीटीपी या प्रिकर्सरपासून स्वयंचलित मॉड्यूलवर (संश्लेषण करणाऱ्या यंत्रावर), नळ्या-व्हॉल्व्हची कॅसेट लावून होणारं उत्पादन. दुसरी म्हणजे बाटलीतून रुग्णाच्या शिरेत गेल्यावर हा ट्रेसर कसा वागतो ते.

तो चिकटतो कशाला

गाठ ज्या वेगाने वाढते त्या वेगाने तिच्यातल्या रक्तवाहिन्या वाढत नाहीत. वाहिनीपासून साधारण १०० ते १८० मायक्रोमीटरच्या पुढे ऑक्सिजन पोचतच नाही, वाटेतल्या पेशी तो संपवून टाकतात. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्यासारखी पलीकडच्या पेशींची गत होते: वरचे पाणी उचलतात, शेवटच्याच्या वाट्याला ओल तेवढी येते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या छेदांवरून टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये हे चित्र मांडलं. त्याच्या दोन वर्षं आधी ग्रे आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन आणि किरणोपचाराचा परिणाम यांचं नातं दाखवलं होतं. ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला क्ष-किरणांचा अडीच ते तीन पट डोस लागतो. म्हणून ती पेशी गाठीत नेमकी कुठे आहे, हे किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळायला हवं.

एफ-मायसोचा गाभा २-नायट्रोइमिडॅझोलचा. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं मेट्रोनिडॅझोल याच भावकीतलं, फक्त त्यात नायट्रो गट पाचव्या जागी असतो. आमांशाच्या जंतूला ते मारतं तेही याच युक्तीने: ऑक्सिजन नसलेल्या जागी नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन मिळतात आणि निरुपद्रवी रेणू एकदम चिकट, आक्रमक होतो. एफ-मायसो पेशीत शिरला की तिथली रिडक्टेज विकरं त्याला एक इलेक्ट्रॉन देतात. ऑक्सिजन असेल तर तो हा इलेक्ट्रॉन लगेच काढून घेतो, रेणू होता तसा होतो आणि पेशीबाहेर निघून जातो. ऑक्सिजन नसेल तर पुढचे इलेक्ट्रॉन मिळत जातात, नायट्रोचं हायड्रॉक्सिलअमीन होतं, आणि ते प्रथिनांच्या थायॉल गटांना आणि ग्लुटाथायोनला धरून बसतं. ऑक्सिजनचा दाब साधारण १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला की ही पकड जाणवू लागते. मेलेल्या पेशीत विकरं चालत नाहीत, त्यामुळे नेक्रोसिस झालेला भाग कोरा दिसतो. हा ट्रेसरचा गुण आहे. किरणांना दाद न देणारी आणि तरीही जिवंत असलेली पेशी हवी होती, तीच तो दाखवतो.

मिसोनिडॅझोल हे मूळ औषध किरणोपचाराचा परिणाम वाढवण्यासाठी ग्रॅमच्या मापात दिलं जायचं आणि त्याने हातापायांच्या नसा बाधायच्या. खूण लावलेला असा रेणू हायपॉक्सिया शोधायला वापरता येईल, ही कल्पना चॅपमन यांनी १९७९ मध्ये मांडली. फ्लोरिन-१८ लावलेलं रूप १९८०च्या दशकात सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पुढे आलं. ट्रेसर म्हणून शरीरात जाणारं वजन मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्यामुळे नसांच्या त्रासाचा प्रश्न इथे येत नाही.

उत्पादन: खरी परीक्षा वाळवण्याची

एनआयटीटीपीच्या रेणूत एका टोकाला टोसिलेट असतं. ते सुटून जातं आणि त्याची जागा फ्लोराइड घेतं. मधल्या हायड्रॉक्सिलवर टीएचपीचं झाकण असतं, जे शेवटी आम्लाने काढायचं. प्रिकर्सर जर्मनीतल्या राडेबेर्गच्या एबीएक्सकडून मिळतो, एका बॅचला ५ ते १० मिलिग्रॅम लागतो. तो थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा, आणि फ्रीजमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. थंड कुपी उघडली की हवेतलं बाष्प थेट पावडरीवर बसतं. मुंबईच्या जुलैत ही चूक अख्खी बॅच खाऊन टाकते, आणि मग दोष उगाच मॉड्यूलवर जातो.

फ्लोराइडचा भाग एफडीजीसारखाच. ऑक्सिजन-१८ ने समृद्ध पाण्यावर प्रोटॉनचा मारा करून आलेलं फ्लोराइड क्यूएमए या आयन पकडणाऱ्या कार्ट्रिजवर अडवायचं, समृद्ध पाणी परत गोळा करायचं, आणि पोटॅशियम कार्बोनेट व क्रिप्टोफिक्स-२२२ यांच्या द्रावणाने फ्लोराइड रिअ‍ॅक्टरमध्ये उतरवायचं. कार्ट्रिज क्लोराइड रूपात आलेलं असेल तर आधी कार्बोनेटने आणि मग भरपूर पाण्याने धुऊन घ्यावं. तसं न केल्यास क्लोराइड रिअ‍ॅक्टरमध्ये जातं आणि फ्लोराइडच्या जागेवर हक्क सांगतं.

एफडीजीची कॅसेट आणि किट आहे तसं वापरणाऱ्यांची पहिली ठेच इथे लागते, म्हणून थोडं गणित. एनआयटीटीपीचा रेणुभार सुमारे ४२५, म्हणजे ५ मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम १२ मायक्रोमोल. फ्लोराइड उतरवायच्या द्रावणात (एल्युएंटमध्ये) ३.५ मिलिग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट असेल तर ते झालं २५ मायक्रोमोल, प्रिकर्सरच्या दुपटीहून जास्त. एफडीजीत हे चालून जातं, कारण तिथे मॅनोज ट्रायफ्लेट २५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५२ मायक्रोमोल असतं. एनआयटीटीपीच्या बाबतीत जास्तीचा अल्क त्या मोजक्या प्रिकर्सरचाच चुराडा करतो. तेव्हा एक तर प्रिकर्सर १० मिलिग्रॅमपर्यंत न्यावा, किंवा कार्बोनेट कमी करावं. टेट्राब्युटिलअमोनियम बायकार्बोनेट हा सौम्य पर्यायही चालतो. आम्ही कार्बोनेट कमी करण्याच्या बाजूचे आहोत, कारण जास्त प्रिकर्सर म्हणजे पुढे शुद्धीकरणात जास्त कचरा. फक्त ते इतकंही कमी करू नये की क्यूएमएवरून फ्लोराइड पुरतं उतरणारच नाही. कार्ट्रिजवर मागे किती अ‍ॅक्टिव्हिटी राहिली, हे प्रत्येक बॅचला मोजून लिहून ठेवावं.

वाळवणं: ९५ ते १०५ अंशांवर, हेलियम किंवा नायट्रोजनचा झोत आणि व्हॅक्यूम, आणि दोन-तीनदा एकेक मिलिलिटर निर्जल अ‍ॅसिटोनायट्राइल घालून पुन्हा उडवणं. अ‍ॅसिटोनायट्राइल जाताना पाणी सोबत नेतं. फ्लोराइडभोवती पाण्याचे रेणू चिकटून असतील तर ते अभिक्रियेला पुढेच येत नाही. शिवाय उरलेलं पाणी आणि अल्क मिळून टोसिलेटच्या जागी हायड्रॉक्सिल बसवतात. त्यातून तयार होतं डेसमिथाइलमिसोनिडॅझोल, या संश्लेषणातली मुख्य थंड, म्हणजे किरणोत्सारी नसलेली, अशुद्धी. कॅमेऱ्यातून रिअ‍ॅक्टरचा तळ दिसत असेल तर नीट पाहावं. पुरतं वाळलेलं असेल तर काचेला फिकट पांढरा, निस्तेज थर दिसतो, दुधाच्या भांड्याला वाळलेली साय धरावी तसा. तळाशी चकाकणारी ओली कड दिसत असेल तर आणखी एकदा अ‍ॅसिटोनायट्राइल. या जास्तीच्या तीन मिनिटांत क्षयामुळे जेमतेम दोन टक्के अ‍ॅक्टिव्हिटी जाते. ओल्या फ्लोराइडवर प्रिकर्सर घातला तर अर्धा उतारा (हाती येणारं उत्पादन) जाऊ शकतो.

फ्लोरिनेशन: प्रिकर्सर एक ते दोन मिलिलिटर निर्जल अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये, १०० ते ११० अंश, ८ ते १० मिनिटं, बंद रिअ‍ॅक्टर. तापमान वाढवून वेळ वाचवायचा मोह होतो, पण उष्णता आणि अल्क मिळून नायट्रोइमिडॅझोल काळवंडतं. द्रावण फिकट पिवळं ते हलकं तपकिरी असावं. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं गडद झालं की समजावं, एकतर अल्क जास्त झाला किंवा हीटरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत फरक पडलाय. आणि इथे दाबाचीही परीक्षा असते. ८२ अंशांना उकळणारं अ‍ॅसिटोनायट्राइल ११० अंशांवर बंद भांड्यात दाब निर्माण करतं, आणि कॅसेटची एखादी व्हॉल्व्ह किंवा लुअर जोड सैल असेल तर द्रावक निसटून प्रिकर्सर कोरड्या काचेवर भाजतो. बॅचआधीची गळती-चाचणी घाईत उरकू नये.

पुढचं पाऊल बरेच जण उडी मारून ओलांडतात: आम्ल घालण्याआधी अ‍ॅसिटोनायट्राइल उडवून टाकणं. ते राहिलं तर हायड्रोलिसिस मंद होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे एचपीएलसीच्या (दाबाने द्रव ढकलून घटक वेगळे करण्याच्या तंत्राच्या) कॉलमवर ते एफ-मायसोला सोबत ओढत पुढे नेतं. मग आलेखावरचा उंचवटा, म्हणजे पीक, पसरट होतो आणि अशुद्धींवर चढतो. त्यानंतर एक मिलिलिटर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, १०० अंशांवर ५ मिनिटं. टीएचपी निघून जातं. मग सोडियम हायड्रॉक्साइड आणि बफरने उदासीन करायचं. आम्लाइतकाच अल्क मोजून घालावा. घाईत जास्त पडला आणि पीएच १० च्या वर गेला तर पुढच्या अ‍ॅल्युमिना कार्ट्रिजची फ्लोराइड पकडण्याची ताकद पडते.

शुद्धीकरणाचे दोन रस्ते. पहिला सेमी-प्रेपरेटिव्ह एचपीएलसीचा: सी-१८ कॉलम, सुमारे ५ टक्के इथेनॉल असलेलं पाणी, ३२० नॅनोमीटरच्या आसपास यूव्ही. इथेनॉल-पाणी चालतं म्हणून गोळा केलेला पीक सलाइनने पातळ करून थेट ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून नेता येतो. पुन्हा द्रावक बदलायची भानगड नाही. दुसरा रस्ता नुसत्या कार्ट्रिजांचा: एचएलबी कार्ट्रिजवर अडवायचं, थोड्या पाण्याने धुवायचं, पातळ इथेनॉलने उतरवायचं, वाटेत अ‍ॅल्युमिना. हा झटपट होतो आणि एफडीजी मॉड्यूलवर बसतो. पण एफ-मायसो पाण्यात चांगलाच विरघळतो. धुण्याचं पाणी दोन मिलिलिटर जास्त झालं तरी माल कचऱ्याच्या बाटलीत जाऊ लागतो. शिवाय डेसमिथाइलमिसोनिडॅझोल कार्ट्रिजवर पुरतं वेगळं होत नाही. एचपीएलसी उपलब्ध असेल तर आम्ही तीच सांगू, निदान पहिल्या वीस-पंचवीस बॅच होईपर्यंत. कुठली चूक कुठल्या पीकमध्ये दिसते, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

पूर्ण प्रक्रिया ५० ते ७० मिनिटांची. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं, म्हणजे तासाभरात सुरुवातीच्या अ‍ॅक्टिव्हिटीचा ६८ टक्के भाग उरतो. त्यामुळे उतारा सांगताना क्षय धरून की न धरून, हे स्पष्ट सांगायला हवं. क्षय-दुरुस्ती केलेला ४५ टक्के उतारा आणि प्रत्यक्ष हातात आलेला ३० टक्के उतारा ही एकच बॅच असू शकते. विक्रेत्याचा माहितीपत्रकातला आकडा वाचताना हे आधी विचारावं.

गुणवत्ता तपासणी: एक चाचणी दुसरीची उणीव झाकते

युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या मानकांच्या ग्रंथात) एफ-मायसो इंजेक्शनचा स्वतंत्र मोनोग्राफ आहे. नव्या केंद्राला मर्यादा स्वतः ठरवत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. बाकीच्या चाचण्या एफडीजीच्याच ओळखीच्या: रंगहीन व निर्मळ द्रावण, पीएच, ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा पीक, १०५ ते ११५ मिनिटांत बसणारं मोजलेलं अर्धायुष्य, क्रिप्टोफिक्सची डागचाचणी, गॅस क्रोमॅटोग्राफीवर अ‍ॅसिटोनायट्राइल ४१० पीपीएमच्या आत, फिल्टरची बबल-पॉइंट चाचणी, आणि एंडोटॉक्सिन (जंतूंपासून येणारं विष). शेवटच्याची मर्यादा १७५ युनिट भागिले रुग्णाला द्यायचं कमाल आकारमान. १० मिलिलिटर धरलं तर मिलिलिटरला १७.५. निर्जंतुकतेचा निकाल १४ दिवसांनी येतो, तोवर ट्रेसर कधीच संपलेला असतो. म्हणून त्या चाचणीचा उपयोग प्रक्रियेवर नजर ठेवण्यापुरता.

रेडिओकेमिकल शुद्धतेपाशी मात्र सावध. फक्त एचपीएलसीवर विसंबलं तर मोकळं फ्लोराइड फसवतं. आम्लधर्मी मोबाइल फेजमध्ये ते सिलिकावर आधारलेल्या सी-१८ कॉलमला अंशतः चिकटून राहतं, बाहेर येतच नाही, आणि शुद्धता आहे त्याहून जास्त दिसते. यावर सिलिका प्लेटची टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) हा उपाय, ९५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये. फ्लोराइड ठिपक्याच्या जागीच राहतं, एफ-मायसो वर चढतो. उलट, टीएलसीवर टीएचपी न निघालेला रेणू एफ-मायसोच्या इतका जवळ जातो की वेगळा ओळखू येत नाही. तो एचपीएलसीवर दिसतो, पण बराच उशिरा. एफ-मायसोचा पीक आला की रन थांबवण्याची सवय असेल तर हायड्रोलिसिस अर्धवट राहिलं हे कधीच कळणार नाही. टीएचपी असलेला रेणू जास्त मेदस्नेही असतो आणि शरीरात वेगळाच वाटला जातो. रन पूर्ण चालू द्यावी, शेवटी अ‍ॅसिटोनायट्राइल वाढवून कॉलम धुवावा आणि त्या धुण्यातही पीक शोधावा.

स्थिरतेला पूर्ण गुण. थोडं इथेनॉल असलेल्या सलाइनमध्ये एफ-मायसो काही तास बिनतक्रार टिकतो, अ‍ॅक्टिव्हिटीची तीव्रता फार ठेवली नाही तर रेडिओलिसिस (स्वतःच्याच किरणांनी रेणू तुटणं) छळत नाही.

चित्र: फिकं का, आणि किती वेळ थांबायचं

डोस साधारण ३.७ मेगाबेकरेल प्रति किलो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला २६० च्या आसपास. किरणभार सुमारे ०.०१३ मिलिसीव्हर्ट प्रति मेगाबेकरेल, म्हणजे या डोसला साडेतीनच्या आत. उपाशी राहायची गरज नाही, साखर मोजायची गरज नाही. मधुमेही रुग्णांची वर्दळ असलेल्या आपल्या केंद्रांत ही मोठी सोय.

एफडीजीची सवय झालेला डोळा एफ-मायसोच्या पहिल्या चित्राने हिरमुसतो. काळ्याभोर गाठीऐवजी राखाडी पार्श्वभूमीवर जेमतेम उठून दिसणारा डाग. ट्रेसर पाण्यात विरघळतो तसा मेदातही थोडाफार विरघळतो, त्यामुळे तो सगळीकडे शिरतो, मेंदूतही. तिथेच त्याचं बलस्थान आहे, ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीतला हायपॉक्सिया म्हणूनच त्याने पाहता येतो. पण जो चिकटला नाही तो बाहेर पडायलाही वेळ घेतो. टोचल्यानंतर तासाभराने चित्र घेतलं तर गाठीतला मोठा भाग नुसत्या रक्तप्रवाहाचा असतो, हायपॉक्सियाचा नव्हे. किमान ९० मिनिटं, शक्यतो दोन तास ते अडीच तास, काही केंद्रं तर चार तास. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये तीन दिवसांच्या अंतराने त्याच रुग्णांचं चित्र घेतलं तेव्हा बऱ्याच जणांत डागांची मांडणी बदललेली आढळली. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात दोन दिवसांच्या अंतराने, पण टोचल्यावर चार तासांनी चित्र घेतलं, तिथे दोन्ही चित्रं छान जुळली. गाठीतला ऑक्सिजन खरोखरच दिवसागणिक बदलतो, हे एक कारण आहेच. तरी थांबण्याच्या वेळेचाही या फरकात वाटा आहे असं आमचं मत.

डाग मोजायचा कसा? डोळ्याने नव्हे. गाठ आणि रक्त यांचं गुणोत्तर काढायचं, १.२ च्या वर गेलेला भाग हायपॉक्सिक मानण्याची पद्धत सिएटलच्या गटाने रूढ केली. फिकेपणामुळे इथे मोजणीतली लहानशी चूकही निदान उलटवते. गुणोत्तर १.२ आणि १.१ यांतला फरक आठ टक्क्यांचा, आणि तेवढी चूक नुसत्या कॅलिब्रेशनमध्ये होऊ शकते. स्कॅन चालू असतानाच रक्ताचा नमुना घ्यावा, ज्या हाताला टोचलं त्याच्या विरुद्ध हातातून. वेल काउंटर (रक्ताच्या नमुन्यातली अ‍ॅक्टिव्हिटी मोजणारं यंत्र) आणि पीईटी मशीन एकाच फ्लोरिन-१८ च्या द्रावणाने परस्परांशी जुळवलेलं असावं. नमुना अर्ध्या तासाने मोजला आणि क्षय-दुरुस्ती विसरली, तर रक्ताचा आकडा १७ टक्क्यांनी कमी येतो आणि निरोगी स्नायूही हायपॉक्सिक वाटू लागतो. रक्त काढणं जमणार नसेल तर महाधमनीतला आकडा चित्रातूनच घ्यावा, पण मग सर्व रुग्णांसाठी तीच पद्धत ठेवावी.

यकृत, आतडी आणि मूत्राशय हे भाग नेहमीच चमकतात. यकृताच्या किंवा ओटीपोटातल्या गाठींसाठी हा ट्रेसर घेऊ नये. आणि एक मर्यादा सगळ्याच हायपॉक्सिया ट्रेसरना आहे: पीईटीचा एक बिंदू चार-पाच मिलिमीटरचा, ऑक्सिजनचा उतार दहाव्या भाग मिलिमीटरचा. प्रत्येक बिंदू म्हणजे लाखो भुकेल्या आणि धाल्या पेशींची सरासरी.

बाकीचे स्पर्धक

फाझा हा कॅनडातल्या एडमंटनचा, नायट्रोइमिडॅझोलला अरॅबिनोज साखर जोडलेली. जास्त जलस्नेही, त्यामुळे रक्तातून लवकर निघतो आणि चित्र थोडं स्वच्छ येतं. पण मेंदूत नीट शिरत नाही, आणि बनवताना उतारा एफ-मायसोपेक्षा कमी हाती लागतो. एचएक्स-४ क्लिक रसायनाच्या वाटेने आला, युरोपात मास्ट्रिख्टने तो पुढे नेला. जलस्नेही असूनही चांगल्या चित्रासाठी त्यालाही चार तास लागतात. ईएफ-५ शास्त्राच्या दृष्टीने देखणा, पण त्याला फ्लोरिन वायू लागतो. ती सोय नसलेल्या केंद्राने विचारही करू नये. कॉपर-एटीएसएमचं चित्र झटपट आणि भडक येतं, कॉपर-६४ चं १२.७ तासांचं अर्धायुष्य दूरच्या शहरांना पुरतं. पण तो नक्की हायपॉक्सियाच दाखवतो की पेशींच्या जातीप्रमाणे आणखी काही, हा वाद मिटलेला नाही. ज्या चित्रावरून डोस बदलायचा, त्याचा अर्थ वादात नसावा.

एफ-मायसोचा अर्थ रुग्णांमध्ये तपासला गेलाय. डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ४५ रुग्णांवरचा ऑस्ट्रेलियातला उप-अभ्यास २००६ मध्ये छापून आला. हायपॉक्सिया दिसलेल्या आणि नेहमीची केमो-किरण चिकित्सा मिळालेल्या १३ पैकी ८ जणांचा रोग त्याच जागी परतला. हायपॉक्सिया असूनही टिरापॅझामिन हे हायपॉक्सिक पेशींवरचं औषध मिळालेल्या १९ पैकी फक्त एकाचा. पुढे ८६१ रुग्णांच्या चाचणीत तेच औषध हायपॉक्सिया न तपासता दिलं गेलं, तेव्हा फायदा दिसला नाही. कुणाला द्यायचं ते आधी निवडायला हवं होतं, असंच आम्हाला वाटतं. उलट दिशेचं उदाहरण स्लोन केटरिंगचं: एचपीव्ही या विषाणूमुळे झालेल्या घशाच्या कर्करोगात उपचाराआधी आणि उपचारादरम्यान एफ-मायसो पाहून १९ पैकी १५ रुग्णांना ७० ऐवजी ३० ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) देण्यात आले. हा आकडा आपल्याकडे तसाच उचलायचा नाही. महाराष्ट्रात तंबाखू-गुटख्यातून होणारे तोंडाचे कर्करोग बहुतांशी एचपीव्हीचे नसतात, त्यांची जीवशास्त्रीय चाल वेगळी असते. आपल्या रुग्णांत डोस कमी करण्यासाठी नव्हे, तर कुठे वाढवायचा हे शोधण्यासाठी या ट्रेसरचा अभ्यास व्हायला हवा.

कुणी घ्यावा, दिवस कसा आखावा

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन चालू झाला. त्यानंतर फ्लोरिन-१८ हाताळणारी माणसं आपल्याकडे तयार झाली आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रात टेक्नेशियम-९९एम लावलेल्या नायट्रोइमिडॅझोलवरही बरंच काम झालं. ते यशस्वी ठरलं तर जनरेटर आणि गॅमा कॅमेरा एवढ्यावर भागेल, म्हणून त्या वाटेकडेही लक्ष असावं. आज मात्र ज्याच्याकडे सायक्लोट्रॉन, एक मोकळा हॉट सेल (किरणोत्सारी काम करायची शिशाची बंद कोठी) आणि किरणोपचार विभागाशी रोजचं बोलणं आहे, त्याने एफ-मायसो घ्यावा. नुसतं स्कॅन सेंटर असेल आणि गाठीचा डोस ठरवणारा डॉक्टर दुसऱ्या शहरात असेल, तर घेऊ नये.

सुरुवातीला ४० गिगाबेकरेल फ्लोराइड आणि हातात येणारा उतारा ३० टक्के धरला, तर सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी १२ गिगाबेकरेल तयार. तपासणी उरकून नऊ वाजता पावणेनऊ गिगाबेकरेल उरतात. नऊ, साडेनऊ, दहा आणि साडेदहाला एकेक रुग्ण टोचला तरी माल भरपूर असतो. अ‍ॅक्टिव्हिटी इथे अडचण ठरतच नाही. अकरापर्यंत मशीन रिकामं राहतं, तिथे एफडीजीचे रुग्ण बसतात, आणि अकरा ते एकच्या दरम्यान चारही स्कॅन होतात. अडतं ते बसायच्या जागेपाशी: साडेदहा ते अकरा चारही जण टोचलेले, चौघांना शिसं लावलेल्या वेगळ्या खुर्च्या आणि वेगळं स्वच्छतागृह हवं. तेवढी जागा नसेल तर दिवसाला दोनच रुग्ण ठेवावेत आणि प्रत्येकाला पूर्ण दोन तास बसवावं. आराखडा मंजुरीला पाठवण्याआधी सेफ्टी ऑफिसरबरोबर या खोलीचं मोजमाप घ्यावं, मॉड्यूलची ऑर्डर त्यानंतर.